टेकूसाहेब

ऑफिसात त्यांना सगळे टेकूसाहेब म्हणत. अर्थात पाठीमागे. एकदा हेडक्लार्कांच्या तोंडून ते नाव चुकून समोरच निघालं आणि हेडक्लार्क पांढरेफटक पडले. साहेब मात्र खूश. म्हणाले, नाव बरोबर आहे, पूल काय कोणीही काढतं, पण तो कशावर टेकलाय हे विचारणारा एक तरी माणूस ऑफिसात नको का? त्यानंतर पाठीमागे म्हणण्यातली गंमतच गेली, तरी नाव टिकलं.

मी तिथं ट्रेसर होते. इंजिनिअर पेन्सिलीनं ड्रॉइंग काढत आणि आम्ही त्यावर ट्रेसिंगचं पातळ कापड पसरून तेच शाईनं उतरवत असू. मॅट्रिक आणि चित्रकलेच्या दोन परीक्षा एवढ्या शिदोरीवर मला ही नोकरी मिळाली होती. अंबरनाथला शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका भाड्याच्या घरात, रस्ते आणि पुलांचं आमचं छोटं सरकारी ऑफिस होतं. अख्ख्या ऑफिसात बाई मी एकटी. वडिलांची नजर गेल्यामुळे ते घरी बसलेले, धाकटा भाऊ शाळेत. त्यामुळे बाईमाणसानं ऑफिसात जावं की जाऊ नये या विषयावर आमच्या घरी फारशी चर्चा झाली नाही. शेजाऱ्यांच्या घरी झाली म्हणतात.

साहेब सिंधमधले. तिकडे कालव्यांवर पूल बांधण्यात त्यांची दहा-बारा वर्षं गेली होती. फाळणी झाली आणि म्हातारी आई आणि बायको यांना घेऊन ते कल्याण कॅम्पात आले. त्यालाच पुढं उल्हासनगर म्हणायला लागले. लष्करानं सोडलेल्या एका बराकीत त्यांना जागा मिळाली होती, आणि तिथून ते रोज सकाळी पायी अंबरनाथला येत. पांढरा लेंगा, वर बंद गळ्याचा कोट. कोटाच्या डाव्या खिशात पेन्सिली आणि उजव्या खिशात कागदाच्या लांबट चिठोऱ्या. या चिठोऱ्यांचं पुढं सांगते.

त्याआधी त्यांच्या मराठीबद्दल सांगायला हवं. इकडे आल्यावर त्यांना पहिलं काम मिळालं ते बदलापूरला, उल्हास नदीच्या काठावर, मजुरांवर देखरेख करण्याचं. मजूर सगळे मांजर्ली-बेलवलीचे आगरी. साहेब मराठी शिकले ते त्यांच्याकडून. त्यामुळे इंग्रजीत बोलताना हा माणूस विलायतेहून आल्यासारखा वाटे आणि मराठीत तोंड उघडलं की भातशेतीच्या बांधावरून आल्यासारखा. वर त्याला सिंधी हेल. आम्हा सगळ्यांना ते 'तू' म्हणत, कारण त्या मजुरांनी त्यांना दुसरं काही शिकवलंच नव्हतं. माझ्या पहिल्याच दिवशी ते माझ्या टेबलाशी आले, मी उतरवत असलेल्या पुलाच्या खांबावर बोट ठेवलं आणि विचारलं, "बाई, यो खांब कला उभा हाय?" 'कला' म्हणजे 'कशाला', हे मला ठाऊक होतं, आमच्याकडे दूध घालायला येणारी बाई तसंच बोलायची. पण खांब कशाला उभा आहे याला मी काय उत्तर देणार? मी म्हटलं, पूल पडू नये म्हणून. साहेब म्हणाले, हे उत्तर म्हशीलाही येतं. आणि निघून गेले. मी त्या दिवशी डबा न खाताच घरी आले होते.

आता चिठोऱ्या. साहेबांचा चार पायांच्या कुठल्याही वस्तूवर विश्वास नव्हता. ते म्हणत, तीन पाय असले तर तिघांनाही ओझं उचलावंच लागतं, सुटका नाही. चार असले की त्यातला एक नुसता जमिनीला लागल्याचं सोंग करतो. कुठंही गेले की ते खाली वाकून खुर्चीच्या पायाखाली एकेक चिठोरी सरकवत आणि हळूच ओढून बघत. ज्या पायाखालची चिठोरी सुळकन निघाली तो पाय खोटा. "यो पाय बसून खातो," असं त्या पायाकडे बोट दाखवून ते सांगत. स्वतः ते कॅम्पातल्या सुताराकडून करून आणलेल्या तीन पायांच्या स्टुलावरच बसत. हेडक्लार्कांच्या खुर्चीचे दोन पाय खोटे निघाले होते, आणि ते एकाच बाजूचे नव्हते, यावर साहेबांनी हेडक्लार्कांना अर्धा तास समजावून सांगितलं. हेडक्लार्कांना एवढंच समजलं की आपल्या कामचुकारपणाबद्दल काहीतरी चाललंय. ते आठवडाभर रुसले होते.

पण कळस झाला तो ऑफिसातल्या सत्यनारायणाच्या दिवशी. पूजा मांडलेली, गुरुजी पोथी उघडून बसलेले, आणि साहेब पालथे पडून चौरंगाखाली चिठोऱ्या घालताहेत. गुरुजींनी विचारलं, हे काय? साहेब खालूनच म्हणाले की देव तीन पायांवर बसलाय, चौथा रिकामा आहे. गुरुजींनी पोथी मिटली. शेवटी मीच एक चिठोरी दुमडून त्या पायाखाली घट्ट बसवली आणि साहेबांनी ओढून खात्री केल्यावर कथा पुढं सुरू झाली. साहेबांनी ती हात जोडून, अगदी मनोभावे ऐकली. प्रसादाचा शिरा दोनदा मागून घेतला.

हा माणूस चक्रम होता यात शंका नाही. पण काम करायला बसला की त्या चक्रमपणाला अर्थ यायचा. वरचं ऑफिस पुलाची आकडेमोड करून पाठवायचं; आमच्या साहेबांना ती आधी हातानं बघायची असे. त्यासाठी त्यांनी फळीवर छोटे पूल केले होते. पूल म्हणजे सेल्युलॉईडची एक लांब पट्टी. तिला खालून आधार द्यायचे. एका टोकाला लाकडाची धार, म्हणजे पट्टी तिथं वळू शकते पण सरकू शकत नाही. दुसऱ्या टोकाला पेन्सिलीचा गोल तुकडा, म्हणजे वळूही शकते आणि सरकूही शकते. कुठं चिमट्यात घट्ट आवळलेली, म्हणजे काहीच करू शकत नाही. मग पट्टीवर वजनं ठेवायची आणि ती कशी वाकते ते डोळा लावून बघायचं.

पण त्याआधी एक विधी असे. प्रत्येक आधाराला तीन प्रश्न विचारायचे आणि उत्तरं लिहून काढायची. वरखाली हलेल का? मागंपुढं सरकेल का? जागच्या जागी वळेल का? उत्तर 'हो' किंवा 'नाही'. 'बहुतेक' असं लिहिलेलं सापडलं तर ते कागद फाडून टाकत. म्हणत, दोन्ही टोकं घट्ट धरलीस तर उन्हात पूल वाढायला जागा शोधेल आणि स्वतःलाच फोडेल. म्हणून कुठं धरायचं नि कुठं सोडायचं ते आधी ठरव, गणित मागनं कर. हे सगळं ते मला का सांगत, मला कळत नसे. ट्रेसरला काय करायचंय? पुढं लक्षात आलं की ऑफिसात बाकी कोणी ऐकून घेत नसे. आणि मला ते आवडायला लागलं होतं, हेही खरंच.

हे तीन प्रश्न नंतर पुलांपुरते राहिले नाहीत. मला बघायला पाहुणे येऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी साहेबांनी मुलाबद्दल विचारलं: जागचा हलतो का, मागंपुढं सरकतो का, वळवला तर वळतो का? मी म्हटलं, मला काही कळलं नाही, त्यानं पोहे खाल्ले आणि छताकडे बघितलं. साहेब गंभीरपणे म्हणाले की तिन्ही उत्तरं कोरी असतील तर त्या आधारावर काही ठेवायचं नाही. नकार तिकडूनच आला. मुलगी पुरुषांच्यात बसून काम करते हे त्यांना पसंत नव्हतं. मला मुलाचं काही वाटलं नाही. आईनं पोह्यांत खोबरं घातलं होतं त्याचं वाटलं.

पाहुणे यायच्या त्या दिवसाकडे मला परत यावं लागणार आहे. सुटका नाही.

एकदा साहेबांच्या पत्नींनी मला चहाला बोलावलं होतं म्हणून मी कॅम्पात गेले. लांबच लांब बराक, आणि तिच्यात गोणपाटाचे पडदे लावून पाडलेल्या खोल्या. पलीकडच्या बिऱ्हाडात कोणी शिंकलं तरी इकडे ऐकू येई. साहेबांच्या आई खाटेवर पडून होत्या. फार म्हाताऱ्या. मी बसले होते तेवढ्यात त्यांनी सिंधीत काहीतरी विचारलं आणि साहेबांनी उठून पडदा नीट ओढला, मग काहीतरी उत्तर दिलं. त्यांच्या पत्नींनी मला हिंदीत सांगितलं: अम्मा रोज संध्याकाळी विचारते, दार लावलं का. हे रोज सांगतात, लावलं. तिकडच्या घराला सागवानी दार होतं म्हणे.

तेव्हा साहेब अजून हंगामी होते. निर्वासित म्हणून घेतलेले, दर सहा महिन्यांनी मुदत वाढवलेले. कायम झालेल्या माणसाला अंबरनाथला सरकारी क्वार्टर मिळे: दोन खोल्या, विटांच्या भिंती आणि दार. ज्या वर्षाची गोष्ट मी सांगतेय त्या वर्षी साहेबांना कायम करावं असा प्रस्ताव वर गेला होता. साहेब त्याबद्दल कधी बोलत नसत. पण क्वार्टर्सच्या रस्त्यानं जाताना ते थांबून दारांकडे बघत, हे मी दोनदा पाहिलं होतं.

त्याच वर्षी मांजर्लीच्या ओढ्यावरचा पूल आला. ओढा उल्हास नदीला मिळतो त्याच्या थोडं अलीकडे, दोन गाळ्यांचा. दोन काठांवर दोन आधार आणि मध्ये एक खांब. साहेब जागा बघायला गेले, तेव्हा मोजमापं लिहून घ्यायला मलाही नेलं. नदी फुगली की तिथं सगळीकडे पाणी होई. तिथं भाताचं शेत असलेले एक म्हातारे गृहस्थ होते, साहेबांचे जुने ओळखीचे, मराठीतले गुरुजीच म्हणायचे. साहेबांनी त्यांना विचारलं की ओढ्याच्या मधोमध खाली काय आहे?

"माती," म्हातारा म्हणाला. "काली. पावसान फुगतं न् उन्हान बसतं. आमचं कुंपनाचं खांब दर साली वाकरं होतान, सायब. यथं काय बी उभं केलंस त ते बसनार."

साहेबांनी लोखंडी सळई आणवून ठोकून बघितली. काठांवर ती चार हातांवर अडली, खडक लागला. मधोमध ती जातच राहिली. परत आल्यावर त्यांनी पेन्सिलीनं पूल काढला. दोन्ही काठांच्या आधारांखाली खडकाची खूण केली, म्हणजे जवळजवळ ओढलेल्या तिरक्या रेघा. मधल्या खांबाखाली त्यांनी खूण केली नाही. तिथं फक्त एक प्रश्नचिन्ह घातलं. तिथं खड्डा खणून बघितल्याशिवाय मधला आधार वरखाली हलेल का, याचं उत्तर त्यांना लिहायचं नव्हतं.

ते ड्रॉइंग माझ्याकडे आलं तो पाहुण्यांचा दिवस. चार वाजता मला घरी पोचून साडी बदलायची होती. भराभर शाई उतरवत होते. मधल्या खांबाशी आले आणि त्या प्रश्नचिन्हाशी थबकले. शाईत प्रश्नचिन्ह कोण काढतं? ट्रेसर पेन्सिलीच्या खाणाखुणा उतरवत नाही, ते इंजिनिअरांचं आपसातलं बोलणं असतं, असं मला शिकवलेलं. आणि आधाराखाली काहीच नसलं तर खांब तरंगल्यासारखा दिसतो. मातीची खूण बारीक ठिपक्यांची, तिला वेळ लागतो. मी दोन्ही बाजूंना होत्या तशाच तिरक्या रेघा मध्येही ओढल्या. पंधरा-वीस रेघा, दोन मिनिटांचं काम. ड्रॉइंग छान भरल्यासारखं दिसायला लागलं. साहेबांची आई त्या दिवशी जास्त आजारी होती, ते लवकर निघाले होते. जाता जाता त्यांनी माझ्या टेबलावरच सही केली. माझ्या हातावर त्यांचा विश्वास होता.

वरच्या ऑफिसनं त्या ट्रेसिंगवरून हिशेब केला. तिन्ही आधार खडकावर, म्हणजे एकही खचणार नाही. तेव्हा दोन गाळ्यांवरून एकच अखंड गर्डर, म्हणजे पूल पेलणारी आडवी तुळई, घालायचा, मधल्या खांबावरून न तोडता. काम सुटसुटीत. ते कागद आमच्याकडे आले आणि साहेब फळीकडे धावले. पट्टी, तीन आधार, वर वजनं. मधल्या आधाराखाली त्यांनी चार चिठोऱ्या ठेवल्या होत्या. एकेक काढत गेले. आधार कागदाच्या जाडीएवढा खाली जायचा आणि पट्टी वेगळीच वाकायची, मधल्या आधाराचं ओझं टोकांकडे पळायचं, गर्डरच्या पोटावर नको तेवढा ताण यायचा. चौथ्या चिठोरीला मधला आधार पूर्ण रिकामा झाला. साहेब म्हणाले, गर्डर मध्ये तोडायलाच हवा, प्रत्येक गाळा आपापल्या दोन आधारांवर सुटा बसवायला हवा. मग मधला खांब थोडा बसला तरी गर्डर नुसता तिरका होईल, फुटणार नाही. त्यांनी तसं वर लिहिलं.

वरचे साहेब स्वतः आले. उंच, शांत गृहस्थ, आवाज कधी चढवत नसत, त्यामुळे त्यांची जास्तच भीती वाटे. आमच्या साहेबांनी त्यांना इंग्रजीत सगळं समजावलं, चिठोऱ्या काढून दाखवल्या. वरच्या साहेबांनी ऐकून घेतलं. मग आपल्या बॅगेतून माझं ट्रेसिंग काढलं, फळीवर पसरलं आणि मधल्या खांबाखाली बोट ठेवलं. तुमच्याच ऑफिसचं ड्रॉइंग, तुमचीच सही, आणि हे खडक म्हणतंय, असं ते म्हणाले. मग माती कुठून आली?

मी माझ्या टेबलाशी उभी होते. सहा-सात हातांवर. त्या रेघा मला तिथूनही दिसत होत्या, कारण त्या फार सुंदर काढलेल्या होत्या. साहेब ट्रेसिंगवर वाकून बराच वेळ बघत राहिले. त्यांनी मान वर केली तेव्हा मला वाटलं, आता ते माझ्याकडे बघतील. त्यांनी बघितलं नाही. ते एवढंच म्हणाले की ड्रॉइंग चुकीचं आहे, कृपा करून खड्डा खणून बघा.

खड्डा मंजूर झाला. साहेब मांजर्लीला निघून गेले. आणि सोमवारी वरच्या ऑफिसचा चौकशीचा कागद आला: मधल्या आधाराखाली खडकाची खूण कोणी व कोणाच्या सांगण्यावरून केली, याचा लेखी खुलासा करावा.

तो कागद मी सोमवारी वाचला. सोमवारी मी काही लिहिलं नाही. घरी जाऊन वडिलांना जेवायला वाढलं, त्यांच्या हाताला ताट लावून दिलं, भाजी कुठं आहे ते सांगितलं, आणि मनात म्हटलं की माझी नोकरी गेली तर या ताटात काय असेल? मंगळवारीही लिहिलं नाही. मंगळवारी मी असंही म्हटलं की साहेबांनी सही करायच्या आधी बघायला हवं होतं. हे मी स्वतःशी म्हटलं याची मला आजही लाज वाटते. बुधवारी लिहिलं. चार ओळी: खूण मी माझ्या मनानं केली, कोणी सांगितलं नव्हतं, मूळ ड्रॉइंगमध्ये तिथं प्रश्नचिन्ह होतं. सही केली, हेडक्लार्कांकडे नेलं.

हेडक्लार्कांनी चष्मा वर केला. "आता कशाला, बाई? शिपायानं कागद मांजर्लीला नेला आणि साहेबांचा खुलासा सोमवारच्याच डाकेनं गेला. चूक माझी म्हणून लिहिलंय त्यांनी."

मी म्हटलं, तरी पाठवा. आता पाठवणं सोपं झालं होतं, आणि सोपं झालंय हे मला तेव्हाच कळलं होतं.

खड्ड्यात दोन पुरुष खोलीपर्यंत काळी मातीच निघाली, आणि खाली आणखी होतीच. वरच्या ऑफिसनं मुकाट्यानं गर्डर तोडला. तो पूल आज उभा आहे. मधला खांब बसला, व्हायचं होतं तसंच झालं, मधल्या जोडावर बैलगाडीचं चाक खडखडत असे. पूल फुटला नाही. पुढं वर्ष-दीड वर्षानं साहेब कच्छकडे कुठलं तरी काम मिळालं म्हणून निघून गेले. त्यांची आई त्याआधीच गेली होती, त्याच बराकीत.

पण हे नंतरचं. त्याच वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर कायम होणाऱ्यांची यादी आली. तिच्यात साहेबांचं नाव नव्हतं. शेरा होता: ड्रॉइंग तपासण्यात निष्काळजी. त्याच डाकेत माझं पत्र परत आलं होतं. खाली कोणीतरी लाल शाईनं लिहिलं होतं की जबाबदार अधिकाऱ्याचा खुलासा आलेला असल्यानं कार्यवाहीची गरज नाही.

मी पत्र घेऊन साहेबांकडे गेले. ते फळीवरचे चिमटे सोडवत होते. मी म्हटलं, चूक माझी होती, तुम्ही सांगायला हवं होतंत, निदान मला विचारायला हवं होतंत. आणि मला रडू आलं. साहेबांनी पत्र हातात घेतलं, वरपासून खालपर्यंत वाचलं. परत एकदा वाचलं. मग स्टुलावर बसले.

त्यांनी त्या दिवशी जे सांगितलं ते हिंदीत सांगितलं. सिंधमध्ये, नोकरीच्या दुसऱ्या का तिसऱ्या वर्षी, एका लहानशा कालव्यावरच्या पुलाच्या कागदात त्यांनी दोन्ही टोकांचे आधार सुटे लिहिले. एक टोक धरायचं राहून गेलं. भरलेल्या गाडीनं ब्रेक लावला, गर्डर सरकला आणि एका टोकावरून उतरून कालव्यात गेला. कोणी मेलं नाही. चौकशी आली. त्यांचा ड्राफ्ट्समन, वयानं मोठा, पाच मुलांचा बाप, त्यानं लिहून दिलं की नक्कल करताना चूक माझ्याकडून झाली. त्याला वाटलं, पोरगा नवा आहे, साहेब आहे, जपला पाहिजे. त्याला काढून टाकलं. साहेब म्हणाले, मी रोज ठरवायचो की उद्या जाऊन खरं सांगेन. मग उद्याचा परवा. मग वर्षं. मग फाळणी झाली. तो तिकडचा, तो तिकडेच राहिला. त्याचं गाव मला ठाऊक आहे, त्याची गल्ली ठाऊक आहे. आता जाऊन सांगायची सोयच नाही.

साहेबांनी पत्र पुन्हा एकदा समोर धरलं, आणि मग ते माझ्याशी ज्या मराठीत बोलत त्या मराठीत आले.

"बाई, मना एक सांग. यो तू कवा लिवलंस?"

"त्याच दिवशी," मी म्हणाले. "सोमवारीच."

त्यांनी मान हलवली. "बेस केलंस," ते म्हणाले. "मना नाय जमलं." त्यांनी पत्राची नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिलं. त्यांच्या चेहऱ्यावर मला समाधान दिसलं, फार दिवसांनी दिसलं, आणि मला वाटलं की एवढ्याशा खोट्यानं कुणाचं काय बिघडलं?

घरी आल्यावर मी पत्राची घडी उलगडली. वर उजव्या कोपऱ्यात, माझ्या ट्रेसरच्या सुबक अक्षरात, बुधवारची तारीख होती.